एकशे एक शेअरचा आहेर

अंबडच्या कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढलेल्या दगूनानांनी भाचीच्या, निकिताच्या लग्नात पाकिटाऐवजी आपल्या कंपनीचे शेअर दिले होते. शंभर नव्हे, एकशे एक. शून्यावर संपणारा आहेर त्यांच्या मनाला पटत नसे. तेव्हा भाव नव्वद होता, पुढे घसरत घसरत वीसवर आला.

परवा निकिताचा फोन आला. "मामा, खात्यात दहाच शेअर दिसतायत! सासूबाई विचारतात, मामांनी आहेर परत नेला की काय?"

"अगं, कंपनीनं दहा शेअरचा मिळून एक केलाय," नाना म्हणाले. "भाव बघ, विसाचा दोनशे झाला. दहाच्या दहा नोटा देऊन शंभराची एक घ्यावी, तसं. वरच्या एकाचा पुरा शेअर होत नाही, त्याचे वीसेक रुपये बँकेत येतील."

"म्हणजे शुभाचा तेवढाच गेला!" निकिता हसली. मग म्हणाली, "पण कंपनी सुधारली का, मामा? ठेवू की विकू?"

या कंपनीविषयी वावगा शब्द नानांनी घरात कुणाला बोलू दिला नव्हता. पण यंदा दसऱ्याला ते यंत्रपूजेला गेले, तेव्हा हार सगळ्या यंत्रांना होते आणि चालू त्यातली निम्मीच होती.

"आकडा मोठा झालाय, बाई, काम नाही वाढलं," ते म्हणाले. "मामानं दिलेत म्हणून सांभाळत बसू नकोस. विकून टाक."