नदीकडची भिंत कोणी पाडली

मॅलाकी टोबिनच्या चुलीमागच्या खिळ्याला नोर नदीकाठच्या किल्ल्याची किल्ली टांगलेली असे. आजाकडून बापाकडे, बापाकडून त्याच्याकडे आलेली. मान एवढाच, की पाहुणा दारात आला की दुधाची बादली खाली ठेवायची आणि त्याच्यासोबत निघायचं. पण गडी एकदा बोलायला लागला की ऐकणारा आपली बस विसरायचा. नदीकडची भिंत कुठं गेली असं कोणी विचारलं, की मॅलाकी टोपी काढायचा. "क्रॉमवेल. आयर्लंड जिंकायला आलेल्या त्या इंग्रज सेनापतीनं पलीकडच्या टेकडीवर तोफा लावल्या." मग तोफांचा आवाजही तोच काढायचा. अमेरिकेची माणसं तर तिथंच डोळे पुसायची.

अशात डब्लिनहून अट्रॅक्टा डिवेन नावाच्या अधिकारी बाई आल्या. किल्ल्यापुढे खऱ्या इतिहासाचा फलक लावायचा होता. मॅलाकीनं चहा आणि सोडा ब्रेडवर बोटभर लोणी असा थाट केला.

"काका, क्रॉमवेल इकडे फिरकलाच नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्यानंतर शंभर वर्षांनी काढलेल्या चित्रात भिंत धडधाकट उभी आहे."

"चित्रकार पिणारा असेल."

"मग दगड कुठं गेले तेवढं सांगा."

बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. मॅलाकीच्या गोठ्याला अशी नक्षीदार कमान होती, की आत शिरणारी गाय सरदारीण वाटावी. मॅलाकी उठून खिडकीच्या आड उभा राहिला. फलकावर गोठा आला, तर किल्ली जाणार आणि कमानही.

संध्याकाळी तो नोनी क्लिअरीच्या पबमध्ये गेला. "नोनी, बाई दगड शोधतेय."

नोनीच्या शेकोटीत किल्ल्याच्या सरदाराचं दगडी डोकं पिढ्यान्‌पिढ्या शेकत बसलं होतं. "माझ्याकडे काय बघतोस? फादरच्या फाटकाचे खांब कुठून आले ते विचार."

दुसऱ्या दिवशी बाईंना गावभर साक्षीदार भेटले. ज्याच्या त्याच्या खापरपणज्यानं क्रॉमवेलला डोळ्यांनी पाहिलेलं. एकाच्या घराण्याची तर त्यानं कोंबडीही नेलेली. फादर आपल्या फाटकाच्या एका खांबाला पाठ लावूनच बोलत होते, आणि दुसऱ्या खांबावर त्यांनी आपला डगला वाळत घातला होता.

बाई शहाण्या निघाल्या. फलक लागला: 'ही भिंत काळाच्या ओघात नष्ट झाली.'

किल्ली राहिली, कमान राहिली. तरी मॅलाकी आठवडाभर धुमसत होता. "काळाकडे काय तोफा होत्या?"

पुढच्या बसमधून उतरलेल्या एका बाईनं फलक नीट वाचला. "यात क्रॉमवेलचं नाव कुठं आहे?"

मॅलाकीनं टोपी काढली. "कसं असेल, ताई? फलक त्याच्याच माणसांनी लावलाय."