पुढे पळणारं घड्याळ

दोन कॉम्प्युटरांनी अबोला धरला की त्याला बोलावणं यायचं. सगळे त्याला जोडणीवाले म्हणत, आणि स्वारी त्यावर खूष असे. फर्निचरच्या या कारखान्यात तर त्यानं स्वतःच्या वहिनींनाही नोकरीला चिकटवलं होतं. त्या वर ऑफिसात विंडोजवर कपाटं-टेबलांचे नकाशे काढायच्या. खाली लाकूड कापणाऱ्या मशीनला लिनक्सचा कॉम्प्युटर होता. एकाचं फोल्डर दुसऱ्याला दिसेना, दिसलं तर उघडेना.

पासवर्ड, परवानग्या सगळं निस्तरून त्यानं दोन्हीकडची फोल्डरं आपोआप सारखी होतील असं केलं. ज्या फाइलवर नंतरची वेळ, ती खरी. दोन्ही घड्याळं जुळवायची तेवढी राहिली, कारण चहा आला होता आणि मालक पाठ थोपटत होते.

पुढच्याच आठवड्यात वहिनींनी दुपारी एका कपाटाचं माप दुरुस्त केलं. खाली कारागिरानं सकाळी जुनाच नकाशा उघडून सेव्ह केलेला. पण खालचं घड्याळ काही तास पुढे पळत होतं, म्हणून जुना नकाशा नवा ठरला आणि वहिनींची दुरुस्ती पुसली गेली. फळ्या आखूड निघाल्या. मालकांनी करवतीपाशी, सगळ्यांदेखत वहिनींना झाडलं.

त्याला बोलावलं, तेव्हा ते घड्याळ बघताच चूक आपलीच, हे त्याला कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यानं गुपचूप वेळ जुळवली आणि म्हणाला, “आता चालेल.”

“भावजी, मी सेव्ह केलं होतं हो,” वहिनी म्हणाल्या. “की नव्हतं केलं? आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही.”

तेव्हापासून त्या प्रत्येक नकाशा सेव्ह करून बंद करायच्या, पुन्हा उघडून बघायच्या, पुन्हा बंद करायच्या. त्याला ते बघवेना. खाई त्याला खवखवे; घरी त्या वाढायला आल्या की तो अर्ध्या ताटावरून उठायचा. शेवटी एकदा कारखान्याच्या जिन्यात त्यानं सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, “सांगितलंत, बरं केलंत. पण मालक मला बोलले ते सगळ्यांसमोर, भावजी. तुम्ही सांगताय जिन्यात.”

तो जिना उतरला, मालकांना हाक मारली, आणि कारागिराला म्हणाला, “जरा करवत बंद करा. सगळ्यांना ऐकू जायला हवं.”