गाडीच्या फळीवरचा आकडा

कडेगावच्या बाजूला आमचा साखर कारखाना. तिथल्या वजनकाट्यावर आक्काताई कॉम्प्युटर चालवायच्या आणि शेजारी बसून मी पावत्या फाडायचो. बाई रहिमतपूरच्या, आवाज खणखणीत, घाई करणाऱ्याला मुद्दाम थांबवायची खोड. माझं त्यांच्याशी फारसं जमायचं नाही.

उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग ऊस गाळपाच्या गव्हाणीत टाकून रिकामी. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचं वजन. चौऱ्याण्णवच्या हंगामात नानासो नावाच्या शेतकऱ्याची भरलेली बैलगाडी काट्यावरून उतरली, तो ऊस टाकायला गेला आणि काट्याची लाईट गेली. ती आली तर कॉम्प्युटर आपली सगळी डिस्क तपासत बसला. दुपार त्यातच गेली. रस्त्यापर्यंत गाड्या तुंबल्या, उन्हात बैल ताटकळले. शेवटी फाइल उघडली, तर नानासोचं भरलेलं वजन गायब. उसाचा तर केव्हाच रस झालेला. साहेबांनी सरासरी धरून आकडा टाकायला सांगितलं.

"आवं आक्काताई, वरीसभर पाणी काय अंदाजानं पाजलंय व्हय मी?" नानासो म्हणाला.

बाईंनी मान खाली घालून सरासरीचा आकडा टाकला. त्यांना अशी मान खाली घालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पदराच्या टोकाला खडू बांधून आल्या. काट्याचा आकडा स्थिर झाला की आधी उठून तो गाडीच्या फळीवर लिहायचा, मगच कॉम्प्युटरला हात लावायचा. मी विचारलं, शाळा काढलीय काय? त्या खडू घेऊन पुढच्या गाडीकडे निघाल्या.

सत्त्याण्णवला नवा कॉम्प्युटर आला, तो बसवायला सांगलीहून सुमंत नावाचा इंजिनिअर आला. तो म्हणाला, "याची फाइल सिस्टीम जर्नलिंगची आहे. फाइलींची मांडणी बदलण्याआधी काय बदलणार ते हा रोजनिशीत टिपून ठेवतो. मध्येच लाईट गेली, तर परत चालू झाल्यावर सगळी डिस्क चाळत नाही. रोजनिशी बघतो, नोंद पुरती असेल तर काम पुरं करतो, अर्धवट असेल तर सोडून देतो."

"म्हंजी यालाबी खडू दिलाय की," आक्काताई म्हणाल्या.

सुमंत मनापासून हसला. "दिलाय. पण जो आकडा तुम्ही अजून कॉम्प्युटरमध्ये टाकलाच नाही, तो हा कुठून टिपणार? तुमचा खडू असू द्या."

त्याच हंगामात पुन्हा लाईट गेली. आली तेव्हा माझा चहा निवायच्या आत कॉम्प्युटर उभा राहिला. फाइली धड, गाड्यांची वजनं जागच्या जागी. नव्हतं फक्त शेवटच्या गाडीचं. फळीवर लिहून बाई खुर्चीत येऊन बसत होत्या, तेवढ्यात पडदा काळा झाला होता. आणि गाडी नेमकी नानासोची.

तो रिकामी गाडी घेऊन आला आणि आमची तोंडं बघूनच त्यानं ओळखलं. "पुन्यांदा अंदाज?"

"न्हाई," आक्काताई म्हणाल्या. "मागं वळून बघा. तुमच्याच गाडीवर हाय."

नानासो खाली उतरला. त्यानं फळीवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं, पुसणार नाही इतक्या हलकेच, आणि एकेक अंक मोठ्यानं वाचला. बाईंनी तो टाकला.

हंगाम संपेपर्यंत त्यानं तो आकडा पुसू दिला नाही. आक्काताई रोज त्याच्या गाडीवर नवा आकडा लिहायला जागा शोधायच्या.