डेल्मरकाकांचं ऑनर्स

डेल्मर फागुंडिश आधी घसा खाकरायचा, मग हनुवटी वर करायचा, आणि मग सुरू, "ऑनर्सच्या दृष्टीनं पाहिलं तर..." मी हे इतकं हुबेहूब करते, की कँटीनवाल्या बाईनं पाठमोरी असताना दोनदा माझ्यासाठी त्याची बिनसाखरेची कॉफी ओतली.

त्याचं वय एकोणचाळीस. त्यातली वीस वर्षं चुलत्याच्या डेअरीत धारा काढण्यात गेली. एका गाईनं गुडघ्यावर लाथ घातली, म्हणून स्वारी आमच्या दोन वर्षांच्या कॉलेजात आली. पहिल्याच निबंधावर सरांनी लिहिलं, 'ऑनर्सचा विचार करा.' झालं! ऑनर्स म्हणजे निवडक हुशार मुलांचे वेगळे वर्ग, आणि ऑनर्सवाल्यांना वर्ग निवडायला आमच्याआधी दोन दिवस मिळतात. हा ते दोन दिवस सणासारखे पाळायचा.

"काका, ऑनर्सवाल्यांना पार्किंगही वेगळं का हो?"

"हसा. साधे आहात, तुमचा काय दोष!"

इथून युनिव्हर्सिटीत, थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, एवढंच त्याला हवं होतं. नोव्हेंबरात अर्ज भरला. त्यात लिहून दिलं, शेवटच्या सत्रात संख्याशास्त्र पूर्ण करीन. जानेवारीत संख्याशास्त्राला आमच्याच वर्गात बसला. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची रिकामी.

"काका, सोडलंत की काय?"

घसा. हनुवटी. "त्याच वेळेला ऑनर्सचं चर्चासत्र आहे. पाणी आणि सत्ता. निवडक बारा जण."

"पण अर्जात तर संख्याशास्त्र लिहिलंय ना?"

"अगं पोरी, ऑनर्स मोठं, साधा वर्ग छोटा. मोठ्यात छोटं आपोआप आलं."

"ओकिमोटोबाईंना विचारलंत?" ओकिमोटोबाई आमच्या सल्लागार. युनिव्हर्सिटीचे कागद त्यांच्याच हातून जातात.

"त्या रांगेत? ती साध्यांची रांग."

मी धावत वर्गात गेले आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसून अख्खा संवाद करून दाखवला. 'आपोआप आलं'वर तर एक जण खुर्चीवरून पडला. वर्ग बदलायची मुदत संपायला चार दिवस होते. तीस जण होतो आम्ही. त्याला किंवा बाईंना सांगावं, असं एकालाही वाटलं नाही. सांगितलं असतं तर नक्कल संपली असती.

एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. जागा मिळाली! त्याच्या आईनं घरचा गोड पाव भाजून पाठवला. कँटीनमध्ये उभं राहून त्यानं पत्र मोठ्यानं वाचलं. 'अर्जातले सर्व विषय उत्तीर्ण होण्याच्या अटीवर' हे वाक्यसुद्धा त्यानं तेवढ्याच ऐटीत वाचलं. मी पावाचे दोन तुकडे खाल्ले. मऊ होता.

जुलैत दुसरं पत्र आलं. त्या दिवशी तो ओकिमोटोबाईंच्या रांगेत उभा होता, माझ्या पुढे. आत गेला, दार उघडंच राहिलं.

"प्रवेश रद्द म्हणजे... काही चूक झाली असेल ना, बाई?"

"संख्याशास्त्र कुठाय, डेल्मर?"

"त्याऐवजी ऑनर्स केलं."

"त्याऐवजी असं काही नसतं. निदान युनिव्हर्सिटीला कळवायचंत. मला विचारायचंत. मी रोज इथेच बसते."

मग त्याचा आवाज आला. घसा न खाकरता. तो आवाज मला अजून जमलेला नाही.

"चर्चासत्रात मला 'ए' मिळालाय. बारा जणांत पहिला. ते त्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं."

"मग?"

"अभिनंदन म्हणाले."