सासूबाईंचं फिनेल आणि आमचा उकिरडा

भर शहरात, गारखेड्यात म्हैस पाळायची म्हणजे अख्ख्या गल्लीशी वैर घ्यायचं. आमच्या सासूबाईंनी ते हौसेनं घेतलं. घरामागं म्हैस, म्हशीमागं शेणाचा खड्डा, अन् खड्ड्यामागं शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. मग काय, महापालिकेत तक्रार गेली. साहेब पाहणीला येणार. वास आला तर म्हैस गेली, नाही आला तर राहिली.

सासूबाईंचा जीव त्या म्हशीत. माझ्याशी कधी धड बोलल्या नाहीत, पण म्हशीला घरातल्या सगळ्या भानगडी सांगायच्या. माझ्यासुद्धा.

मी खताच्या दुकानातून जिवाणूंची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, ओल्या, कोंडलेल्या शेणात हवेवाचून जगणारे जंतू माजतात. घाण वास हे त्यांचे उद्योग. हवा खेळली की दुसरे जंतू वाढतात, ते वास न करता गुमान शेण खातात. मग मी बाटलीतलं पाणी गूळ-ताकात मुरवून शिंपडलं, वाळका पाला मिसळला, फावड्यानं शेण खालीवर करत राहिले. नवरा वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट संपवून यायचा, हुंगायचा अन् म्हणायचा, "लई फरक पडलाय!" फावड्याला हात लावायचं मात्र नाव नाही. पण वास गेला खरा.

साहेब कधी येणार ते कळलं, तेव्हा मी नेमकी माहेरी. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडं मोरीपासून अंगणापर्यंत सगळं फिनेलनं धुतात. सासूबाईंनी फिनेलचा अख्खा कॅन खड्ड्यात ओतला, वर पाण्याची नळी सोडली. माझे गरीब कामकरी जंतू मेले, खड्ड्याचा चिखल होऊन हवा कोंडली, अन् दोन-तीन दिवसांत घाण वासवाले जंतू पुन्हा माजले. साहेब आले त्या सकाळी असा भपकारा सुटला, की ते नाकाला रुमाल लावून दारातूनच फिरले. म्हैस हलवा म्हणाले.

"अहो आत्या, ते जंतू आपल्या बाजूचे होते!" माहेरहून परतल्यावर मी सासूबाईंवर ओरडले.

"मला काय ठावं? टीव्हीवर तर समदे मारायलाच सांगतेत."

म्हैस सोयगावला दिराकडं पाठवायचं ठरलं. टेम्पो आला, म्हैस चढेना. सासूबाई स्वतः वर चढल्या, तशी ती मुकाट मागं गेली. फळी लावायची वेळ झाली तरी ह्या तिच्या गळ्यात हात टाकून उभ्याच.

"आई, उतर की आता," नवरा म्हणाला.

"नाय उतरत. जंतू मारले मी, अन् हद्दपार ती एकलीच व्हय?"

टेम्पो दोघींना घेऊन गेला. मला भर गल्लीत रडू कोसळलं, अन् हा बाबा मलाच विचारतोय, "तुला काय झालं?"