गालातला घास

माझी लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हा तिच्या गालात मावणार नाही अशी वस्तू अख्ख्या वसई-विरारमध्ये नव्हती. वरणभाताचा एक घास गालात धरून ती चंदनसारहून माझ्या माहेरी निर्मळला गेली, देवळात पाया पडली, केळीच्या वाडीत मामाशी लपाछपी खेळली, स्कूटरवरून परत आली, आणि घरी "आ कर" म्हटलं तर घास जागेवर! शिळा झाला होता, पण ओळखू येत होता.

तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन अगदी छान आहे. भूक लागली की खाईल. मागे लागू नका."

"काटा बिघडलाय त्यांचा," सासूबाईंनी घरी येताच निकाल दिला. "बरगड्या बघ पोरीच्या. पेटी वाजवता येईल."

"अहो आई, बरगड्या सगळ्यांनाच असतात."

"शेजारच्याच्या दिसतात का कधी?"

शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा. त्याचं बाळसं अजून उतरायचं होतं, मनगटालासुद्धा वळ्या. त्याची आई जिन्यात भेटली की माझ्या लेकीकडे बघून हळूच विचारायची, "काही खातच नाही का हो ही?" मला भर जिन्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं व्हायचं.

मग मी कायदा केला. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. कायदा तिच्यासाठी होता, शिक्षा मला लागली. खिडकीबाहेर काढलेल्या ग्रिलच्या खणात चटई टाकून तिला बसवायची आणि निसटू नये म्हणून तोंडाशी मी आडवी. हा घास काऊचा, हा चिऊचा, हा मामाचा, हा वॉचमनकाकांचा, हा त्या टँकरवाल्याचा. सगळं विरार पूर्व जेवून उठलं. समोरच्या इमारतीवर एक मजला चढला. आम्ही दोघी तिथेच. पाय बधिर, बोटांवरचा भात वाळून कडक, आणि माझं ताट ओट्यावर झाकलेलं. खालून भाजीवाला ओरडायचा, "ताई, अजून आतच?"

एके दुपारी तिने आपणहून घास गिळला, रिकामं तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाली, "पोट भरलं."

"कुठे भरलं?" मी आणि सासूबाई एका सुरात.

तिने फ्रॉक वर केला. मी हात लावला. पोट कलिंगडासारखं टणक होतं. हाताला पटलं. डोळ्यांना मात्र बरगड्याच दिसत होत्या.

"आई, तू जा ना जेवायला," ती म्हणाली. "मी बसते इथे."

तिला वाटत होतं, दोघींपैकी कुणीतरी एकीने आत राहायचंच असतं.

मी गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठलेसुद्धा. तेवढ्यात माझाच दुसरा हात ताटाकडे गेला, भात कालवला, घास वळला.

"एवढा एकच," मी म्हणाले.

तिने निमूट आ केला, आणि मी परत खाली बसले.