सूर्यभानचा ऐतवार

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या दिवसांत अकोल्याच्या गाडीवानांना सणवार उरला नव्हता. बैल जुंपायचे आणि भुसावळच्या रेल्वेची वाट धरायची. फक्त सूर्यभानची गाडी रविवारी अंगणात उभी असे. व्यापारी दुप्पट भाडं देऊ करत; तो हसून मान हलवी.

सूर्यभान जन्मानं ख्रिस्ती. त्याचा बाप भागोजी नगरकडे बाप्तिस्मा घेऊन एका गोऱ्या साहेबाच्या घोड्यांमागे अकोल्याला आला आणि इथंच राहिला. पाद्रीसाहेब वर्षातून एकदा, हिवाळ्यात येत. एरवी घरात धर्म म्हणजे भागोजीचा शब्द. रविवारी चूल पेटवायची नाही, दोराला गाठ मारायची नाही, बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. सूर्यभान शनिवारच्या शिळ्या भाकरी खात मोठा झाला. त्याची बायको सत्यवती लग्न होऊन आली, तीही तेच खाऊ लागली.

चैत्रातल्या एका रविवारी शेजारचा कुर्बान धापा टाकत आला. तोही गाडीवान, दोघांच्या गाड्या नेहमी मागंपुढं चालत. त्याचा बैल पडक्या विहिरीत कोसळला होता.

"भाऊ, तुया नाडा दे, बैल दे. चार जन वढून राह्यले, पन जनावर हालत नाई."

सूर्यभान खुंटीवरचा जाड दोर घ्यायला उठलाच होता. ओट्यावरून म्हातारा भागोजी म्हणाला, "आज ऐतवार हाय."

सूर्यभान जागीच थांबला. "उद्या सकायीच येतो," तो म्हणाला, आणि आपलेच शब्द कानावर पडताच त्याची मान खाली गेली.

बैल संध्याकाळी कसाबसा निघाला, पण मागचा पाय कामातून गेला. कुर्बान भांडला असता तर बरं झालं असतं. तो वाटेत भेटला की नेहमीसारखाच विचारी, "बाबाची तब्येत कशी हाय?" ते सूर्यभानला फार लागे.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद झाल्या, गाड्या उभ्या राहिल्या. सूर्यभाननं कापडात गुंडाळून ठेवलेलं पवित्र शास्त्र काढलं. लहानपणी दोन वर्षं नगरच्या मिशन शाळेत राहून तो अक्षरं शिकला होता. पण पुस्तक उघडणं पाद्रीसाहेबांचं काम, असंच त्याला वाटत आलं होतं. आता दुपारी गोठ्यात बसून तो एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाची. सत्यवती जवळच डाळ निवडत बसे.

"चुलीचं आलं का?" ती विचारी.

चुलीचं सापडलं, मोशेच्या नियमात. गाठीचं कुठंच सापडेना. मग लूकच्या शुभवर्तमानात तो एका गोष्टीपाशी आला. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी येशू एका मोठ्या माणसाकडे जेवायला गेला होता. त्यानं तिथल्या पंडितांनाच विचारलं, की तुमचा बैल विहिरीत पडला तर आजच्या दिवशी त्याला वर काढणार नाही असा कोण आहे तुमच्यात?

सत्यवतीचे हात थांबले. "बैलच लिहिलं हाय?"

"बैल. आन विहीर."

तो पुस्तक घेऊन तसाच ओट्यावर गेला. "बाबा, हे तुमी मले काहून नाई सांगतलं?"

भागोजीला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय, वाच," तो म्हणाला. सूर्यभाननं वाचलं. म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"गावकीच्या कामाला आमाला कवाबी बोलवायचे," तो म्हणाला. इतकी वर्षं वऱ्हाडात काढूनही त्याची बोली नगरचीच होती. "ताप असू दे, घास तोंडात असू दे. अंगाला हळद लागलेली, त्या दिवशीबी म्या पाटलाचं ओझं वाह्यलं. मग पाद्री म्हनला, ऐतवारी तुला कामाला लावायचा कुनाला हक्क न्हाई, देवानंच सांगितलंय. लई घट्ट धरला रं म्या तो दिवस. कुर्बानचा बैल दिसलाच न्हाई मला."

सूर्यभान रागानं आला होता. तो बापाच्या पायाशी बसला.

त्याच संध्याकाळी तो कुर्बानकडे गेला. "मायी चूक झाली. यंदाचा हंगाम आपन दोघं माया गाडीवर करू. आर्धं तुयं."

कुर्बाननं तंबाखू मळून त्याच्यापुढे केली. "बरं. पन ऐतवारची सुटी राहू दे," तो म्हणाला. "मायीबी पाठ दुखते."

दसऱ्यानंतर दोघं एकाच गाडीवर भुसावळला जाऊ लागले. रविवारी गाडी उभीच राही. पण चूल पेटे, आणि कोणी हाक मारली तर सूर्यभान नाडा घेऊन निघे. हिवाळ्यात पाद्रीसाहेबांनी चुलीबद्दल नाराजी दाखवली. भागोजीच मधे पडला. "साहेब, आमी नुसतं ऐकलं व्हतं. पोरगं वाचतंय. वाचू द्या त्याला."

मग म्हाताऱ्यालाच गोडी लागली. त्यानं पहिल्या पानापासून वाचायला लावलं. वंशावळ्या आल्या की तो घोरायचा, आणि जागा होऊन विचारायचा, "योसेफाचं पुढं काय झालं?" दोन वर्षांनी तो गेला तेव्हा वाचन अर्ध्यापाशी, ईयोबाच्या गोष्टीपर्यंत आलं होतं. पुढच्या रविवारी सत्यवतीनं पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं. तिला नीट वाचता येत नव्हतं. तिचं बोट जिथं थांबे तिथलं अक्षर सूर्यभान सांगू लागला.